पाठीवरची हवा

‘पाण्यावर आलं की हे माणसाला तोंडावर पाडतं, अक्का,’ हयग्रीव म्हणाला, आणि चहाचा पेला माझ्या ओठांपासून चार बोटांवर थांबला. पाण्याखाली जायला त्यानंच मला शिकवलं, पण आता त्याला काही कळलं नाही. तो सहज सांगत होता, पंख्याला जरा आवाज आहे किंवा पिशवीचा बंद तोकडा आहे असं सांगावं तसं. म्हैसुरात कुवेंपुनगरातल्या त्याच्या घराच्या तळमजल्यावर, जिथं पूर्वी त्याच्या वडलांची फियाट उभी असायची तिथं, त्यानं कपडे वाळत घालायच्या दांडीवर दोन जाकिटं टांगली होती. समुद्रात खाली जाणाऱ्याच्या अंगात असलं एक जाकीट लागतं. नळीनं त्यात हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की बुडतो. एक जाकीट मी आजवर भाड्यानं वापरत आले त्या जातीचं होतं, पाठीकडून काखेखालून पोटावर येणारं, सगळीकडून फुगणारं. दुसरं नवं. त्याची हवेची पिशवी फक्त पाठीवर. समोर दोन पट्टे आणि मोकळी छाती, बाकी काही नाही. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती. ‘खाली मस्त आहे हे,’ हयग्रीव म्हणाला, ‘एकदम आडवं ठेवतं, माशासारखं. छातीवर काही दाबत नाही. तुम्हाला तेच पायजे ना? पण वर येऊन पूर्ण फुगवलं की हवा सगळी पाठीमागं. मत्ते, मग ती ढकलते पुढं. माणूस होतो... काय म्हणतात त्याला मराठीत...’ त्याचे मराठी शब्द असे मध्येच संपतात. घरात मराठी, शाळेत इंग्लिश, बाकी सगळीकडे कन्नड, आणि वाक्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन तो अंधारात पाय ठेवल्यासारखा चाचपडतो. मग त्याचा चेहरा उजळला. ‘पालथं! पालथं करतं, अक्का. आमची आजी लहान बाळांना म्हणायची की, पालथं पडलं, पालथं पडलं, म्हणून शेजारी साखर वाटायची.’ शब्द सापडल्याच्या आनंदात तो हसला. मी चहा प्यायले. तो कधीच निवला होता.

पालथा पडलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्याही पाठीवर हवा होती.

तो माझा बाप. सुब्बराव रंगारी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, टी. नरसीपूरला, कपिला कावेरीला मिळते त्याच्या जरा अलीकडे तो बुडाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाली बाभळीच्या मुळांत सापडला. सदरा धोतरात खोचलेला होता, म्हणून सदऱ्यात हवा अडकून तो पाठीवर उशीसारखा वर आला होता. ती पांढरी उशी आधी दिसली. मग मान, मग केस. माझा मामा मला उचलून मागं न्यायला लागला, पण त्याच्या खांद्यावरून मला आणखी चांगलं दिसलं. मी सात वर्षांची होते. आता पन्नास पूर्ण होतील. या त्रेचाळीस वर्षांत मी त्या पाठीबद्दल कुणाशी बोललेले नाही, आणि शनिवारी सकाळपर्यंत मला हयग्रीवला सांगायचं आहे की दोनांतलं कुठलं जाकीट मला हवं आहे.

अक्का साइझ एम ठीक? हवा न भरता घट्ट बसलं पाहिजे. शनिवारी तलावात ट्राय करू. सोमवारी ऑर्डर गेली तर नेत्राणीच्या आधी येईल.

हा त्याचा संदेश. मी घरी पोचायच्या आधीच आला.

मी पोहायला शिकले ते शेहेचाळिसाव्या वर्षी. आई म्हणाली, म्हातारपणी बेडूक व्हायचं सुचलं बघ हिला. समुद्राखाली गेले ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुरुडेश्वरहून नावेनं नेत्राणीच्या बेटाला. तेव्हापासून पाच वेळा गेले. बाकीचे मासे मोजायला येतात, वर येऊन एकमेकांना मासे सांगतात. हयग्रीव मला म्हणतो, ‘अक्का, तुम्ही मासे बघत नाही. तुम्ही पाण्याचं इन्स्पेक्शन करायला येता.’ सगळे हसतात, मीही हसते. पण तो बरोबर बोलतो. मी तिथं तपासायला जाते. माझं कामच ते. सव्वीस वर्षं मी लोकांचे कान तपासते. काचेच्या खिडकीची एक खोली, आत म्हातारा माणूस, त्याच्या कानांवर मोठे काळे गोळे, बाहेर मी, माझ्यापुढं शब्दांची यादी. मी एकेक कन्नड शब्द हळू आवाजात बोलायचा आणि त्यानं जो ऐकू आला तो परत बोलायचा. मने, म्हणजे घर. हालु, म्हणजे दूध. मर, म्हणजे झाड. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला त्या शब्दावर घाम फुटला होता. घरात मराठी बोलणारी मी, समोर ऐंशी वर्षांचे कुणी जगन्नाथराव, आणि मी ओठ कागदाआड झाकून त्यांना म्हणते, मर. आणि ते आज्ञाधारक मुलासारखे म्हणतात, मर. बरोबर. पुढचा शब्द. हळूहळू सवय झाली. एका आवाजाच्या आत दोन माणसं राहतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते, हे या गावातल्या आमच्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. त्यावर विनोद होतात. लग्नाच्या पंगतीत कुणी ‘साकु, साकु’ म्हणजे पुरे, पुरे म्हणालं की कराडहून आलेली माझी मामी सखूला शोधायला लागायची. सगळे पोट धरून हसायचे. मी हसायची नाही. लोक म्हणायचे, पोरगी घुमी आहे.

मामीकडेच मी वाढले. मी दोन वर्षांची असताना आईला फुफ्फुसाचं दुखणं लागलं आणि मला कराडला पोचवण्यात आलं. तिथंही दोन नद्या मिळतात, तिथंही घाटावर आमच्याच जातीची माणसं कापड धुवायची, फक्त बोलणं सगळं मराठी. पाच वर्षांत मला म्हैसूरचं काही आठवेनासं झालं. बा वर्षातून एकदा यायचे, हातांची नखं कायम लाल. मामी मला शिकवायची, ‘बापाला अरे-तुरे करायचं नाही. बा आले म्हणायचं, बा गेले म्हणायचं. बा आला म्हटलंस तर बघ, ओठ डागीन.’ मी ते इतकं पक्कं शिकले की अंगणातल्या बैलालासुद्धा एकदा आले म्हणाले. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर आई बरी झाली आणि बा मला घेऊन गेले. म्हणजे बुडाले तेव्हा मला म्हैसुरात येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. गल्लीतली पोरं माझ्याभोवती गोळा होऊन कन्नडमध्ये काहीतरी म्हणायची आणि मी काय उत्तर देते ते ऐकून पळायची. मला तीन शब्द येत होते. नीरु, पाणी. ऊटा, जेवण. इल्ला, नाही.

त्या डिसेंबरात कुणा देवस्थानाच्या उत्सवासाठी लाल छिटाचं मोठं काम आलं होतं. मंजिष्ठेचा लाल रंग वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, हौदात धुतला तर कापडाची पांढरी जमीन गुलाबी पडते. नरसीपूरला बांचे एक चुलते होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. एकोणीस वार कापड. बा कमरेएवढ्या पाण्यात एक टोक धरून उभे, आणि मी पायरीवर दुसरं टोक धरून. टोक मनगटाला दोन वेढे घेऊन मुठीत धरायचं, हे त्यांनी मला दाखवलं होतं. मधलं कापड पाण्यावर पसरलेलं आणि त्यातून लाल धूर निघावा तसा रंग खाली वाहत चाललेला. आई वर चुलत्यांच्या घरी स्वयंपाक करत होती. घाटावर आम्ही दोघं, आणि पलीकडे वेताच्या गोल नावेत एक नावाडी. बा एक पाऊल मागं सरले. खाली खड्डा असणार. ते मानेपर्यंत गेले, मग दिसेनासे झाले, मग हात दिसला, आणि त्या हातात कापड होतं. माझ्या मनगटाला ओढ लागली. मी घसरून एक पायरी खाली आले, खालच्या दगडाला टाचा लावल्या आणि धरून राहिले. ओढ लागली होती आणि मी धरून राहिले होते, हे मला नीट आठवतं, कारण त्या ओढीला एक हिसका होता, घट्ट झालेल्या दोराला असतो तसा, पलीकडे कुणीतरी आहे हे सांगणारा. नावाडी वल्हं मारत येत होता आणि ओरडत होता. आणि मी

अक्का, आणखी एक. पाठीवरच्यात वजनं मागच्या खिशात थोडी टाकली आणि वर आल्यावर हवा कमी ठेवली तर तेवढं पालथं होत नाही. मागं रेलायचं. खुर्चीत बसल्यासारखं. प्रॅक्टिस लागते, स्वल्प.

शुक्रवारी दुपारी दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात मी हे वाचलं. खुर्चीत बसल्यासारखं. खिडकीच्या आत एक बाई कानांवर गोळे लावून वाट पाहत होती. मी तिला तीनदा एकच शब्द दिला. तिनं तीनदा बरोबर म्हटला आणि मग काचेतून माझ्याकडे पाहिलं, काही चुकलं का म्हणून.

भाड्याचं जाकीट मला का नको ते हयग्रीवला मी खोटं सांगितलं आहे. म्हणाले, छातीवर दाबतं, श्वास पुरत नाही. दाबतं हे खरं. गेल्या मार्चात नेत्राणीला वर आल्यावर मी नियमाप्रमाणे ते पूर्ण फुगवलं आणि नावेची वाट पाहत लाटांवर उभी राहिले, आणि त्यानं मला सगळीकडून आवळलं, पोट, बरगड्या, काखा. ते माणसाला सरळ ठेवतं, तोंड पाण्याबाहेर ठेवतं, बेशुद्ध झालं तरी बहुतेक वेळा बाहेरच ठेवतं, त्यासाठीच केलेलं असतं. समोरून कुणीतरी मिठी मारून मला वर धरून ठेवावं तसं. मला सोड, असं मी मोठ्यानं म्हणाले. मराठीत. शेजारी तरंगणाऱ्या मुंबईच्या एका मुलीनं विचारलं, मावशी, काही म्हणालात? मी नाही म्हटलं, आणि डाव्या खांद्यावरच्या नळीचं बटण दाबून थोडी हवा सोडली, मग आणखी थोडी, पाणी हनुवटीपर्यंत आलं तेव्हा हयग्रीवनं माझा पट्टा पकडला. तो ओरडला नाही. नंतर नावेत शेजारी बसून एवढंच म्हणाला, ‘असं करायचं नाही, अक्का.’

आता ते शब्द सांगते, म्हणजे घाटावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करता येईल.

नावाडी ओरडत होता ते कन्नडमध्ये. बट्टे हिडि. कापड धर. मेले बा. मेले म्हणजे वर. बा म्हणजे ये. कापड धर, वर ये. त्याला जे म्हणायला हवं होतं तेच तो म्हणत होता, बुडणाऱ्या माणसाला, त्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा. पहिले दोन शब्द माझ्या कानांवरून गेले, नुसता आवाज. दुसरे दोन मात्र माझे होते, मामीनं ओठ डागायची भीती घालून शिकवलेले, मान देऊन बोललेले. मेले बा. मेले बा. एवढा मोठा माणूस नदीच्या मध्यातून मला सांगत होता की माझे बा मेले. कराडला मामाचे चुलतभाऊ वारले तेव्हा मी पाहिलं होतं, बातमी आली तशी बायकांनी हातातलं होतं ते टाकलं, परात टाकली, पोर टाकलं, आणि हात तोंडावर नेले. मेल्याचं कळलं की असं करतात. आणि मी कापड सोडलं. मनगटाचे दोन वेढे सोडवले, हे मला आठवतं, ते आपोआप सुटले नाहीत, मी डाव्या हातानं एकेक वेढा काढला, आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

लाल टोक पायरीवरून गेलं. फार वेगानं गेलं नाही.

पुढं सहा महिन्यांनी, शाळेत, मास्तरीणबाई जिन्यावरून एका मुलाला म्हणाल्या, मेले बा, आणि तो मुलगा धावत वर गेला. मी जिन्याखाली उभी होते. त्यानंतर किती वेळ उभी होते ते माहीत नाही. त्या दिवसापासून मी एक हिशेबासारखी गोष्ट मनात उलटीसुलटी करत आले आहे. नावाडी माझ्या बापाला ओळखत नव्हता, एका ओल्या सदऱ्यातल्या रंगाऱ्याला तो एकेरीत बोलला. वर या, असं मानानं म्हणाला असता तर ‘मेले बन्नि’ झालं असतं, आणि ‘बन्नि’ हा शब्द मला येत नव्हता, मी तो नुसता आवाज म्हणून ऐकला असता आणि धरून राहिले असते. किंवा मामीनं मला बापाला एकेरी बोलू दिलं असतं, तर माझा बा ‘मेला’ असता, ‘मेले’ नसता, आणि तरीही मी धरून राहिले असते. एका भाषेनं मान दिला नाही, दुसरीनं दिला. त्या दोहोंच्या मधल्या फटीतून एकोणीस वार कापड निघून गेलं. सात वर्षांच्या मुलीच्या मनगटानं एक जवान माणूस ओढला जात नाही हेही मला माहीत आहे. ते मला पन्नासाव्या वर्षाच्या बुद्धीनं माहीत आहे. पण नाव येतच होती. वीस वल्ह्यांवर होती.

म्हणून मी पाण्याखाली जाते, हयग्रीव. तुला हे कधी सांगणार नाही. तिथं खाली काय ऐकू येतं ते मला पाहायचं असतं. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं जातो, म्हणून तो कुठून आला ते कानांना कळत नाही. नावेचं यंत्र डोक्याच्या आत सुरू असल्यासारखं वाजतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की वरून कुणी हाक मारली तर ती खाली पोचते का, आणि पोचते तर शब्द होऊन पोचते का. बांना दोन्ही भाषा येत होत्या. बांनी ती कुठल्या भाषेत ऐकली असेल?

शनिवारी सकाळी पोहण्याच्या तलावात आम्ही दोघंच होतो. पाणी इतकं थंड की दात वाजत होते. त्यानं मला पाठीवरचं जाकीट चढवलं, टाकीचा पट्टा आवळला, पोटावरचा पट्टा दोनदा सैल करून पुन्हा लावला. ‘आधी खाली एक राउंड. मग वर येऊन फुल्ल फुगवा, मुद्दाम. कसं पाडतं ते एकदा कळू दे. तोंडातली नळी काढायची नाही हां. मी वर उभा आहे.’ खाली ते खरंच चांगलं होतं. छाती मोकळी, अंग आडवं, तळाच्या निळ्या फरशीवर माझी सावली माझ्याएवढीच. कुणी धरलेलं नाही. मी दोन फेऱ्या मारल्या, वर आले, बटण दाबलं आणि दाबून धरलं. पाठीवर हवा भरत गेली, एका मोठ्या हाताचा तळवा दोन खांद्यांच्या मध्ये ठेवावा तशी, आणि त्या हातानं मला सावकाश पालथं केलं. मागं रेलायचं होतं. खुर्चीत बसल्यासारखं. मी रेलले नाही. हात सैल सोडले, पाय सोडले, आणि बघत राहिले. वरून मी कशी दिसत असेन ते मला माहीत होतं. मी मामाच्या खांद्यावर होते आणि मी पाण्यात होते. नळीतून श्वास येत होता, जात होता. बुडबुडे कानांवरून वर जात होते. तलावाच्या पंपाची घरघर होती, दूर नाही, जवळ नाही. बाकी काही नव्हतं. मी ऐकत राहिले. कामावर जशी ऐकते तशी, डोळे मिटून, उत्तराची घाई न करता.

मग पट्ट्याला हिसका बसला आणि मी उलटी झाले. हयग्रीव कपड्यांसकट पाण्यात होता. त्याचा चष्मा एका कानावर लोंबत होता.

‘काय, अक्का! काय हे!’ त्यानं चष्मा नाकावर बसवला. ‘इतका ओरडतोय मी! मेले बन्नि, मेले बन्नि, दहादा ओरडलो, ऐकू नाही आलं?’

‘नाही.’

‘एकदाही?’

‘एकदाही नाही.’

‘तीन हातांवर उभा होतो!’

मी काठाला धरलं. तीन हात. नावाडी निदान पंचवीस हातांवर होता. बांचे कान पाण्याखाली होते. म्हणजे ती हाक त्यांना पोचलीच नाही, कुठल्याच भाषेत नाही. ज्याला मारली होती त्यानं ती ऐकली नाही. त्या अख्ख्या नदीवर ती ऐकायला एकटी मी होते.

घरी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. आई पुढच्या खोलीत खाली बसून भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे दाबत होती, चिमटीत धरून दाबलं की आतला दाणा टुणकन ताटात आणि साल बोटांत. तिचं वय ब्याऐंशी. कान गेले आहेत. मी स्वतः मोजून, बसवून दिलेलं यंत्र टीव्हीजवळच्या डबीत पडून असतं. ‘त्यानं सगळंच ऐकू येतं गं,’ ती म्हणते, ‘फोडणीसुद्धा अंगावर ओरडते.’ माझे ओले केस पाहून ती म्हणाली, ‘आलं बेडूक. ऊटा करून घे आधी.’ मी डबी आणली. तिच्यामागं बसून तिच्या उजव्या कानात यंत्र बसवलं. ते लागल्याचा बारीक सूर वाजला. ती कुरकुरली. मी समोर येऊन बसले आणि मनात जुळवलेलं काहीएक न आठवता म्हणाले, ‘आई, बा गेले तेव्हा कापड माझ्या हातातनं ओढलं गेलं नव्हतं. मी सोडलं.’

एक दाणा टुणकन ताटात पडला.

‘माहीत आहे,’ आई म्हणाली.

टीव्हीवर कुणीतरी भात लावणीबद्दल बोलत होतं. मी उठून तो बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

‘तो पोलिसांचा दफेदार विचारला मला, पोरीच्या हातनं हिसकलं काय म्हणून. मी हौदू म्हटले, हो म्हटले. पण मी तुझं मनगट बघितले होते. दोन वेढे घेतलेलं ओलं कापड हिसकलं तर कातडी जाते गं. रंगाऱ्याच्या घरातली आहे मी. तुझ्या मनगटाला ओरखडा नव्हता. नुसता रंग.’ तिनं साल बाजूला टाकली. ‘लहान पोर. हात भरून आला असेल, म्हटलं. त्यात काय विचारायचं?’

त्रेचाळीस वर्षं. हात भरून आला असेल. तिनं स्वतःसाठी एक कारण शोधून ठेवलं होतं आणि ते कुणाला न दाखवता वापरत होती, आणि ते चांगलं होतं. मला तिथं थांबता आलं असतं. ताट ओढून घेऊन तिच्याबरोबर दाणे दाबत बसता आलं असतं.

‘हात भरून आला नव्हता,’ मी म्हणाले. ‘तो नावाडी ओरडत होता ना. मेले बा, मेले बा.’

‘हां, मग? वर ये म्हणून.’

‘आई. मी कराडहून आले होते.’

तिला कळेना. साठ वर्षं झाली तिला या गावात. ते दोन शब्द तिच्या कानांत आता एकाच बाजूनं येतात. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि तिचे ओठ हलले. आवाज न करता तिनं ते स्वतःला म्हणून पाहिलं, माझ्याकडे येणारे म्हातारे न कळलेला शब्द म्हणून पाहतात तसं. मेले. बा. पुन्हा एकदा. मग ओठ थांबले. चिमटीतला दाणा तसाच राहिला, अर्धा सालीत, अर्धा बाहेर. मी तिच्या चेहऱ्यावर ते पोचताना पाहिलं, आणि परत घेण्याजोगं काही उरलं नव्हतं.

‘अय्यो,’ ती म्हणाली. इतक्या हळू की यंत्र नसतं तर तिचं तिलाच ऐकू आलं नसतं.

मग तिनं माझं उजवं मनगट धरलं. बोटं ओली, चिकट, आणि ब्याऐंशीव्या वर्षी असेल असं वाटणार नाही इतकी घट्ट. बरोबर तिथंच धरलं.

‘बिडु,’ ती म्हणाली. मग मराठीतही म्हणाली, ‘सोड.’

दोन्हीचा अर्थ एकच आहे. दुसरा कुठलाही होत नाही. मी पुष्कळ शोधला.

तिनं मनगट मात्र सोडलं नाही. दुसऱ्या हातानं कान चाचपून यंत्र काढलं आणि ताटाच्या कडेला, सालींच्या ढिगावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली. माझा फोन मांडीवर थरथरला. अक्का, आता बरं आहे का? सॉरी, ओरडलो. भाड्याच्यासारखंच नवं घेऊया का? तुम्ही सांगा, कुठलं. डाव्या हाताच्या एका बोटानं मला ते लिहायला बराच वेळ लागला. पाठीवरचं. एम.

यंत्र बंद करायचं राहिलं होतं. कानाबाहेर काढून तसंच ठेवलं की ती यंत्रं आपलाच आवाज ऐकून शिटी वाजवायला लागतात. सालींच्या ढिगात ते बारीक, एकसुरी वाजत होतं. आईला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. खोलीत ते ऐकायला एकटी मी होते.